आसुडाचा गोंडा

मनुष्यानें आपल्या हातांतील बहुतेक कोणतेंच साधन उघडें ठेविलें नाहीं. समईच्या शेंड्यावर त्यानें हंस बसविला, अडकित्त्याला घोड्याचा आकार दिला, गाडीच्या जुवाला पितळेच्या फुल्या ठोकल्या. रोजच्या वापरांतील वस्तु नुसती उपयोगी असून भागत नाहीं, ती सुंदरहि असावी, ही ओढ मनुष्यस्वभावांत इतकी खोल रुजलेली आहे कीं, तिचें समर्थन करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाहीं. हंसामुळें समईचा उजेड वाढत नाहीं, तरीहि त्याला कोणी निरर्थक म्हणत नाहीं. परंतु हीच ओढ दुसऱ्याला वेदना देणाऱ्या साधनाकडे वळली म्हणजे विचारी मनुष्याला थांबावें लागतें. तरवारीच्या मुठीवरील सोनेरी कामाचें कौतुक करतांना आपण थांबत नाहीं, कारण तरवार धरणाराहि समोरच्या तरवारीपुढें उभा असतो. तेथें धोका दोन्ही अंगांना वांटलेला असतो. आसुडाचें तसें नाहीं. तो धरणाऱ्याला धोका नसतो, आणि ज्याच्या पाठीवर तो पडावयाचा त्याला उलट हात उगारतां येत नाहीं. एका अंगाला सारी सत्ता व दुसऱ्या अंगाला सारी वेदना अशी ज्या साधनाची रचना, त्याला रंगीत दोऱ्यांची वेणी, घुंगरूं आणि गोंडे लावून नटवावें, हें योग्य कीं अयोग्य? प्रश्न लहानशा वस्तूचा दिसतो. परंतु त्याचा निकाल आपण जसा लावूं तसा इतर पुष्कळ गोष्टींचाहि लागणार आहे, म्हणून तो येथें विचारास घेतला आहे.

असा प्रश्न अधांतरीं सोडवूं नये. एका ठिकाणीं उभें राहून पाहावें. बीड जिल्ह्यांतील पाटोदा हा बालाघाटच्या पठारावरील तालुका. मांजरा नदी याच डोंगरांत उगम पावते. परंतु तिच्या पाण्याचा लाभ उताराच्या मुलखाला, आणि डोंगरावरची हलकी मुरमाड जमीन पावसाच्या मर्जीवर. १९४८ पर्यंत येथें निजामाची सत्ता होती. हैदराबाद राज्यांतून हा मुलूख १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. कारभार बदलत गेले, तरी अशा जमिनीवर शेतकऱ्याची मोठी ठेव म्हणजे त्याची बैलजोडी, ही गोष्ट फार काळ बदलली नाहीं. आणि बैल आला कीं दोर आला. वेसण, म्होरकी, कासरा, दावें, नाडा, सोल, चऱ्हाट, जें जें म्हणून बांधावयाचें व ओढावयाचें तें सारें दोरावर चालावयाचें. आणि हा दोर वळण्याचें काम गांवगाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाकडे होतें. आसूड हें या दोरकामाचें शेंडेफळ होय.

तो होतो कसा हें पाहण्यासारखें आहे. शेताच्या कडेनें पेरलेली अंबाडी कापून तिच्या पेंढ्या पाण्यांत दडपून ठेवितात. कांहीं दिवसांनीं साल कुजून सुटूं लागली म्हणजे ती सोलून, आपटून, धुवून वाळवितात; हाच वाख. त्या कुजक्या पाण्याचा उग्र वास हातांना दिवसेंदिवस सोडीत नाहीं, आणि ज्यांना तो वास सोसवत नाहीं त्यांच्याकडे वाख नेहमीं कोरडा व स्वच्छ होऊनच जातो. मग वाख विंचरून त्याचे पेड वळावयाचे. पेडाची जाडी सारखी हवी, पीळ सारखा हवा; एके ठिकाणीं तो सैल राहिला तर आसूड तेथेंच वांकडा पडतो आणि पुढें तेथेंच तुटतो. अशा पेडांची वेणी घालितात, कधीं तिपेडी, कधीं चौपेडी, कधीं त्याहून अधिक पेडांची. हौसेच्या आसुडांत रंगविलेलें सूत मध्यें गुंफितात, म्हणजे वेणीवर सर्पाच्या पाठीसारखे चट्टे उठतात. मुठीकडे वेणी जाड असते, आणि टोंकाकडे जातांना कारागीर एकेक पेड आंतल्या आंत जिरवून ती निमुळती करीत नेतो. पेड कोठें संपला हें बोटाला कळूं नये, यांतच हाताची परीक्षा. शेवटीं टोंकाला बारीक दोरी किंवा चामड्याची वादी, आणि मुठीशीं गोंडा. श्रावणांत पोळ्याआधींच्या बाजारांत झुली, घागरमाळा व रंगीत म्होरक्या यांच्या रांगेंत असा आसूड टांगलेला असला म्हणजे नव्या जोडीच्या हौशी धन्याचा पाय तेथें अडतोच.

आसुडाच्या बाजूचा पहिला युक्तिवाद या घडणींतूनच निघतो. हात फिरला कीं मुठीशीं जो झटका उत्पन्न होतो, तो वळसा होऊन टोंकाकडे धांवतो. पुढें पुढें दोराचा भार कमी होत असल्यामुळें तोच जोर थोड्या भारावर एकवटतो व वेग वाढत जातो. अखेरीस टोंक ध्वनीच्या गतीला, म्हणजे सेकंदाला सुमारें ३४० मीटरांना, मागें टाकतें, आणि हवेंत कडाका उठतो. शास्त्रज्ञांनीं शीघ्र छायाचित्रणाच्या साह्यानें हें पडताळून पाहिलें आहे. तेव्हां आसुडाचा कडाका हा कोणाच्या पाठीचा आवाज नव्हे, तो हवेचा आवाज आहे. आणि वेणी जितकी नीट निमुळती, तितका तो स्वच्छ निघतो. वेड्यावांकड्या दोराला आवाज नसतो, म्हणून त्याला मारावेंच लागतें. चांगला आसूड न मारतां बोलतो. युरोपांत बव्हेरिया व साल्झबुर्ग यांच्या सीमेवरील खेड्यांत हिवाळ्यांत वाखाच्या लांब आसुडांचे कडाके तालावर काढण्याची जुनी प्रथा आहे. तेथें समोर घोडा नसतो, बैल नसतो. माणसांची रांग उभी राहून नुसता आवाजच घुमवीत असते. आपल्याकडे शेताच्या राखणदाराची गोफणहि कित्येकदां दगडापेक्षां आवाजानेंच पांखरें उठविते. याच्या उलट पराणी पाहावी. काठीच्या टोंकाला खिळा. तिच्यापाशीं इशारा नाहीं, टोंचण्यावांचून दुसरी भाषा नाहीं. भारवाहू जनावरांच्या छळास आळा घालण्यासाठीं सरकारनें १९६५ सालीं जे नियम केले त्यांत अशा खिळ्याच्या काठीला बंदी घातली, हें योग्यच झालें. या दृष्टीनें पाहिलें तर आसुडांतील कसब ही क्रूरतेची सजावट नव्हे, क्रूरतेला काढलेली ती एक पळवाट आहे, असें म्हणतां येईल.

हा युक्तिवाद खरा आहे, पण अर्धा. बैल आवाज ऐकून कां चालतो? ज्या वासरानें कधीं फटका खाल्लेला नाहीं, तें कडाक्यानें दचकेल, पण गाडी ओढूं लागणार नाहीं. आवाजाचा अर्थ त्याला पाठीनें शिकविलेला असतो. आसुडाचा कडाका ही एक हुंडी आहे, आणि ती वटते याचें कारण कोणे एके काळीं पेढीवर वेदनेची रक्कम भरलेली असते. ‘मी मारीत नाहीं, नुसता आवाज करतों’ असें म्हणणारा मनुष्य मागच्या फटक्याचें व्याज खात असतो. छडी कधींच न उगारणाऱ्या, पण ती भिंतीला टांगून ठेवणाऱ्या वडिलांची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. तथापि हुंडी आणि घाव हीं एकच, असेंहि म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याला मुद्दल वाढवावयाचें नाहीं त्याला चांगला आसूड मदत करतो. ज्याला तें वाढवावयाचें आहे त्याला तो अडवीत नाहीं. कसबाकडून एवढीच अपेक्षा ठेवतां येते. दया कसबांत नसते, ती हातांत असावी लागते.

तो हात कसा वागतो हें पाहावयाचें तर वर्षाचे दोन दिवस समोरासमोर ठेवावे. एक पोळ्याचा. आदल्या दिवशीं बैलाचे खांदे तूप-हळदीनें मळतात. श्रावणी अमावास्येला त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. शिंगें रंगतात, झूल चढते, तोंडांत पुरणपोळी पडते. नवा आसूड त्या दिवशीं धन्याच्या खांद्यावर मिरवतो, आणि नेमका त्याच दिवशीं तो उगारावयाचा नसतो. वर्षभर फटके आणि एक दिवस पुरण, हें ढोंग नव्हे काय, असा आक्षेप सुशिक्षितांकडून नेहमीं येतो. आम्हांस तो पुरता पटत नाहीं. ज्या घरांत वर्षांतून एकदां तरी बैलाच्या खांद्यावरून हात फिरतो, त्या घराला खांद्यावर काय सोसलें जात आहे तें कळलेलें असतें. ऋण फिटलें नाहीं तरी तें मान्य केलेलें असतें, आणि मान्य केलेलें ऋण उद्यां फिटण्याची आशा असते.

दुसरा दिवस ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर या भागांतून माणसांचे व गाड्यांचे तांडे पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचें नांव. हंगामाआधीं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली. अंधारांत उठून तोडावें, मोळ्या बांधाव्या, गाडी भरावी, आणि कारखान्याच्या दाराशीं रांगेंत उभें राहावें. ज्याचा बैल आहे त्याला भार कमी करणें परवडत नाहीं, कारण उचल टनांनीं फिटते. वाटेंत चढ लागतो, बैल अडतो, आणि आसूड हवेंत न थांबतां पाठीवर उतरतो.

हा आसूड कोणी ओढला? ज्याच्या हातीं मूठ आहे त्यानें, असें कायदा म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्धचा १९६० चा कायदा त्यालाच धरील, आणि कायद्याला दुसरें करतां येत नाहीं. परंतु त्या हाताच्याहि पाठीवर एक आसूड आहे. त्याला वाख नाहीं, वेणी नाहीं, गोंडा नाहीं. वहींतील उचलीचा आंकडा हाच तो. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं शेतकऱ्यांच्या दैन्याची मीमांसा करणाऱ्या आपल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हें नांव दिलें, त्यांतील मर्म हेंच असावें. बैलामागें चालणाऱ्याच्या हातांतील आसूड सर्वांना दिसतो. त्याच्या स्वतःच्या पाठीवर उठलेले वळ कोणाला दिसत नाहींत. जोतीरावांनीं ते दाखविले, आणि त्याच्या हातच्या आसुडाची दिशा वरच्या अंगास फिरविली. आज चहाच्या पेल्यांत साखर ढवळीत गाडीवानाच्या निर्दयपणाविषयीं हळहळणाऱ्या आपण सर्वांनीं हें लक्षांत ठेवणें बरें कीं, त्या फटक्याची एक दोरी आपल्या पेल्यापर्यंत येऊन पोंचलेली आहे.

आसूड स्वतःच्याच पाठीवर ओढणारा मनुष्यहि आपल्या परिचयाचा आहे. मरीआईचा भक्त पोतराज हातीं कोरडा घेऊन दारांत येतो. वाढलेले केस, कपाळीं मळवट, कमरेला चिंध्यांचा घागरा, पायांत घुंगरूं. बरोबरच्या स्त्रीच्या डोक्यावर देवीचा देव्हारा असतो. तो आधीं हवेंत कडाके काढतो, मग तोच दोर आपल्या उघड्या अंगावर ओढतो, आणि घरांतून सुपांत धान्य येतें. पटकीसारख्या सांथींनीं गांवें ओस पडत त्या काळीं देवीचा कोप गांवावरून टळावा म्हणून एकानें तो अंगावर घ्यावा, अशी या विधीमागची समजूत. एकानें सर्वांसाठीं सोसावें ही कल्पना हीन नाहीं. जगांतील थोर धर्मांनीं ती आपल्या हृदयाशीं धरिली आहे. परंतु सोसणारा कोणी निवडला, हा प्रश्न तिच्यापासून वेगळा करतां येत नाहीं. मनुष्य स्वतः होऊन पुढें आला तर त्याला तपस्वी म्हणावें. ज्या समाजानें गांवाचा दोर वळला, गांवकुसाबाहेर राहावयाचें तेंहि ज्यानेंच, त्याच समाजांतील कोणाच्या तरी पाठीवर तो दोर पिढ्यान्‌पिढ्या पडत राहिला, तर तें तप कोणाचें आणि पुण्य कोणाचें याचा हिशेब गांवानें केला पाहिजे. ज्या पोतराजांनीं केस उतरविले, कोरडा खालीं ठेविला व मुलांना शाळेंत घातलें, त्यांनीं देवीचा अपराध केला असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आसुडाची शोभा कोणाची? मारणाऱ्याची ती नव्हे. त्यानें ती विकत घेतली आहे. मार खाणाऱ्याची तर नव्हेच. ती वळणाऱ्याची आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालीं प्रसिद्ध झालेला ‘गांवगाडा’ ज्यांनीं वाचला आहे, त्यांना बलुत्याची व्यवस्था ठाऊक आहे. काम वर्षभराचें, मोबदला खळ्यावरच्या धान्याचा. त्या व्यवस्थेंत दोर वळणाऱ्याला आपल्या कामाची किंमत ठरवितां येत नसे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला ‘नाहीं’ म्हणतां येत नसे. वेठबिगार व अस्पृश्यता या दोहोंना बंदी करणारी राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आली, तेव्हां हा नाहीं म्हणण्याचा हक्क कागदावर तरी त्याच्या पदरीं पडला. परंतु त्याआधींच्या त्या दीर्घ काळांत सक्ति कशाची होती हें बारकाईनें पाहावें. गांवानें दोर मागितला होता. चट्टे मागितले नव्हते. बैल हांकण्यास साधी वेणी पुरे होती. पेड कोठें संपला हें बोटाला कळूं नये, असा हुकूम कोणा पाटलानें सोडलेला नव्हता. ज्याच्याकडून सारें हक्कानें घेतलें जात होतें, त्यानें न मागतां दिलेली अशी ही एकच वस्तु होती. शोभा हा त्याच्या कामांतील तेवढाच मोकळा भाग. तेथें तो कोणाचा बलुतेदार नव्हता. आसुडाला गोंडा लावणें म्हणजे क्रूरतेला नटविणें, असें सरसकट म्हणणारे लोक त्या माणसाजवळचें हें एवढेंसें स्वातंत्र्यहि हिरावून घेतात, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

म्हणूनच शोभिवंत आसूड दिवाणखान्याच्या भिंतीवर लावावा कीं नाहीं, या आजच्या प्रश्नाला आमचें उत्तर थोडें अवघड आहे. कोणी म्हणेल कीं, भिंतीवर गेल्यावर त्याचा दंश संपला, आतां उरली ती निव्वळ कला. दंश संपला हें खरें. पण त्याबरोबर पाठहि विसरली जाते, वळणारा हातहि विसरला जातो, आणि दोघांच्याहि जागीं घरधन्याची रसिकता येऊन बसते. असा आसूड टांगणाऱ्यानें तीन गोष्टी पाळाव्या. ज्यानें तो वळला त्याचें नांव त्याला ठाऊक असावें. घासाघीस करतांना नायलॉनच्या दोराचा भाव सांगून वाख कुजविणाऱ्या हातांची किंमत पाडूं नये. आणि ही कला आतां लोप पावत चालली, पोरें शहराकडे पळतात, असा सुस्कारा टाकूं नये. हा तिसरा नियम सर्वांत कठीण आहे, कारण सुस्कारा फुकट असतो. आपल्या मुलांनीं डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावें म्हणून झटणाऱ्या घरानें, दोर वळणाऱ्याच्या मुलानें मात्र आपल्या भिंतीसाठीं दोर वळीत बसावें अशी इच्छा धरणें, ही त्याच जुन्या बलुत्याची नवी मागणी आहे. ज्याला वळावयाचें आहे त्याला पोट भरण्याइतकें मोल मिळावें, ज्याला नको त्याला दार उघडें असावें. एवढें असूनहि ती कला टिकली तर ती खरी टिकली. नाहीं टिकली, तर एका माणसाच्या मोकळीकीपुढें एक वेणी गेली, आणि हा सौदा वाईट झाला असें कोणी म्हणूं नये.

शोभिवंत आसुडाची एक गोष्ट सहज ध्यानांत येत नाहीं. त्याची सारी शोभा मुठीच्या बाजूला असते. टोंकाला गोंडा बांधतां येत नाहीं, बांधला तर आवाजच निघणार नाहीं. म्हणून टोंक उघडें ठेवावें लागतें. परिणाम असा होतो कीं, ज्याच्या हातीं आसूड असतो त्याला नेहमीं गोंडा दिसतो, आणि ज्याच्या पाठीशीं तो येतो त्याला नेहमीं टोंक दिसतें. एकाच वस्तूविषयीं दोघांचीं मतें इतकीं भिन्न कां असतात, याचें हें साधें कारण आहे. सत्तेच्या, संपत्तीच्या, विद्येच्याहि पुष्कळ साधनांची घडण अशीच असते, आणि वाचकवर्गापैकीं बहुतेकांच्या वांट्याला त्यांची मूठच आलेली आहे. गोंडा सोडून टाकण्याचें कारण नाहीं. तो कोणी तरी जीव लावून बांधलेला आहे. मात्र मधूनमधून आसूड उलटा धरून त्याचें टोंक आपल्या तळहातावरून फिरवून पाहण्याची संवय ज्याला आहे, त्याच्याच हातीं तो शोभतो.